पादचारी व सायकल पूल, महामार्गावरील

वाहनांचा ओघ न थांबविता पायी व सायकलीने जाणाऱ्यांस रस्ता ओलांडता यावा, म्हणून उभारावयाचा उन्नत मार्ग. रायगड जिल्ह्यात पेणवरून वडखळ, नागोठणे, कोलाड असा जाणारा मुंबई-गोवा महामार्ग (क्र. ६६, पूर्वीचा १७) चौपदरी होऊ लागल्यापासून, ज्यांचे घर एका अंगास आणि शेत, शाळा वा एस.टी.चा थांबा दुसऱ्या अंगास, अशा ग्रामस्थांपुढे हा प्रश्न निकडीने उभा राहिला.

स्थाननिश्चिती नकाशावरून न करता, रोह्याचा रस्ता जेथे फुटतो त्या कोलाडच्या आंबेवाडी नाक्यासारख्या ठिकाणी माणसे प्रत्यक्ष कोठून ओलांडतात, हे पाहूनच करावी. वळसा पडला की पूल ओस पडतो. पुलाखाली अवजड वाहनांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची राखावी लागते; तेवढीच चढण १:२० उताराने चढावयाची तर उतरणीची लांबी एकशेदहा मीटर भरते, १:१२ ने सहासष्ट, आणि हा दुसरा चढ भरल्या सायकलीस जाचकच. केवळ जिने बांधून सायकलस्वारास व वृद्धास वगळणे सर्वथा असमर्थनीय होय. एवढ्या लांबीस लागणारी जमीन सातबारा पाहून, मोजणी करून आरंभीच संपादावी. कोकणच्या पर्जन्यात पृष्ठभाग खरबरीत व पाण्याचा निचरा चोख हवा.