खारीच्या शिकारीला एवढी अचूक रायफल कशाला लागते? पॉइंट टू-टू बोल्ट-अ‍ॅक्शन निवडताना अमेरिकन शिकारी काय बघतात

सप्टेंबर १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि दक्षिणेची फौज ओहायोमधल्या सिनसिनाटी शहराच्या दिशेने सरकत होती. शहर वाचवायला पुरेसे सैनिक नव्हते. मग राज्याचे गव्हर्नर डेव्हिड टॉड यांनी हाक दिली, ज्याच्या घरी बंदूक असेल त्याने यावं. १५ हजारांहून जास्त माणसं आली. त्यात बरेचसे शेतकरी आणि जंगलात फिरणारे लोक होते, अंगावर गणवेश नाही, खांद्याला घरचीच बंदूक. त्यांना नाव पडलं ‘स्क्विरल हंटर्स’, म्हणजे खारी मारणारे. मोठी लढाई झालीच नाही, दक्षिणेची फौज मागे फिरली.

यात चेष्टा कमी आणि कौतुक जास्त होतं. झाडाच्या शेंड्यावरची खार एका गोळीत पाडणारा माणूस नेमबाजीत कच्चा नसतो, हे तिकडे सगळ्यांना माहीत होतं.

आजही अमेरिकेत खारीची शिकार कायदेशीर आहे. परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, रोज किती मारायच्या याची मर्यादा असते. मिसुरीत दिवसाला १०, केंटकीत ६. केंटकीच्या ‘बर्गू’ नावाच्या रश्शात पूर्वी खारीचं मांस घालत. या शिकारीसाठी सगळ्यात आवडती बंदूक म्हणजे .२२ लाँग रायफल काडतुसाची बोल्ट-अ‍ॅक्शन, आपल्याकडच्या भाषेत ‘पॉइंट टू-टू’.

आपल्याकडे काय? इथे हा विषय फक्त वाचण्यापुरताच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि पॉइंट टू-टू रायफल बाळगायलाही शस्त्र परवाना लागतो. पण या काडतुसाशी मराठी माणसाचं नातं आहेच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं, ते याच .२२ काडतुसावर.

रिमफायर म्हणजे काय?

मोठ्या रायफलच्या काडतुसात मागे मधोमध एक छोटी टोपी असते. पिन तिच्यावर आदळली की ठिणगी पडते. रिमफायरमध्ये ही टोपीच नसते. ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आदळते. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून आहे. गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, किंमत कमी.

अडचणही त्या कडेतच आहे. मसाला गोल कडेत सगळीकडे सारखा पसरला नाही, तर प्रत्येक काडतूस थोडं वेगळं पेटतं आणि गोळीचा वेग थोडा बदलतो. शिवाय ही काडतुसं घरी पुन्हा भरता येत नाहीत. म्हणजे कारखान्याने जे दिलं, त्यावरच भागवायचं.

किती अचूक म्हणजे पुरेसं अचूक?

मांस खराब होऊ नये म्हणून जाणकार शिकारी खारीच्या डोक्यावर नेम धरतात. ते लक्ष्य सव्वा-दीड इंचाचं, आणि तेही हलणारं. बहुतेक बार २५ ते ५० यार्डांवरून होतात. ५० यार्ड म्हणजे साधारण ४६ मीटर.

आता गणित बघा. टेबलावर टेकवून ५० यार्डांवरून पाच गोळ्या झाडल्या आणि सगळी भोकं अर्ध्या इंचात बसली, तर ती रायफल या कामाला उत्तम. तीच भोकं दीड इंचात पसरली, तर लक्ष्याची सगळी जागा रायफलनेच खाऊन टाकली. शिकाऱ्याच्या हाताचा कंप, श्वास, वारा, यांच्यासाठी काही उरलंच नाही. जंगलात टेबल नसतं, फार तर झाडाच्या खोडाला टेकायला मिळतं. नेम चुकून खार नुसती जखमी झाली, तर ती ढोलीत शिरते आणि आत तडफडून मरते. हातीही लागत नाही. अचूकतेचा एवढा आग्रह आहे तो यासाठी.

बोल्ट-अ‍ॅक्शनच का?

अमेरिकेत रूगर १०/२२ ही अर्धस्वयंचलित रायफल १९६४ पासून प्रचंड खपते आणि तिनेही खारी मारल्या जातात. पण अर्धस्वयंचलित रायफलला पुढचं काडतूस आत घ्यायला आधीच्या बाराची ताकद लागते, त्यामुळे मंद काडतुसांवर ती कधी कधी अडते. बोल्ट हाताने ओढायचा असल्यामुळे त्याला कुठलंही काडतूस चालतं. बार होताना आतला कुठलाच भाग मागेपुढे पळत नाही. आणि दुसरी गोळी हाताने भरावी लागते म्हणून माणूस पहिली गोळी विचार करून झाडतो, हेही आहेच.

दुकानात हातात घेऊन बघायची पहिली गोष्ट म्हणजे चाप. तो जड किंवा रखडत सुटणारा असेल, तर उत्तम नळीही वाया जाते. अडीच-तीन पौंडांच्या दाबाने, मध्ये न अडखळता सुटणारा चाप जंगलासाठी ठीक. पुढे नळी आणि दस्ता यांच्यामधून कागद सरकवून बघतात. कागद सलग सरकला, तर नळी कुठे टेकत नाही आणि पावसाने लाकूड फुगलं तरी नेम सरकण्याची भीती कमी. मात्र काही जुन्या रायफलींत दस्ता मुद्दाम नळीला टेकवलेला असतो आणि त्या उत्तम चालतात, त्यामुळे एवढ्यावरून कुठलीही रायफल बाद करू नये. वजन तीन किलोच्या आसपास बरं. जाड नळीच्या स्पर्धेच्या रायफली मेजावर देखण्या, चार तास जंगलात हिंडताना शिक्षा.

नावांचं म्हणाल तर स्वस्तात सॅव्हेज मार्क टू आणि रूगर अमेरिकन रिमफायर. मधल्या किमतीत चेक बनावटीची सीझेड ४५७ आणि फिनलंडची टिका टी१एक्स. वर जर्मन आन्शुट्झ, जिच्या भावात मधल्या वर्गातल्या दोन-तीन रायफली येतील. खारीसाठी मधला वर्ग पुरतो. वाचलेले पैसे काडतुसांवर घालवावेत, कारण खरा फरक तिथेच पडतो.

एकाच रायफलला एक काडतूस मानवतं, दुसरं नाही

हे ऐकायला अंधश्रद्धेसारखं वाटतं, पण खरं आहे. एकाच कारखान्यातून लागोपाठ निघालेल्या दोन रायफली वेगवेगळ्या काडतुसांवर उत्तम चालतात. नळी आणि गोळी यांचा जोड किती घट्ट, काडतुसाचा वेग किती सारखा, यावर ते ठरतं. म्हणून सहा-सात प्रकारच्या पेट्या आणायच्या, प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्यांचे चार-पाच ‘ग्रुप’ कागदावर पाडायचे आणि मोजायचे. एखादाच ग्रुप चांगला आला म्हणून हुरळून जायचं नाही. काडतूस बदललं की सुरुवातीच्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण नळीत आधीच्या काडतुसाचं मेण असतं.

वेगाचंही असंच. सेकंदाला १,०७० फुटांच्या आसपास जाणारी ‘स्टँडर्ड’ काडतुसं आवाजाच्या वेगाखाली राहतात. वेगवान काडतुसं आवाजाचा वेग ओलांडून निघतात आणि वाटेत त्याखाली येतात. त्या संक्रमणात गोळी डगमगू शकते. त्यामुळे मंद काडतूस बहुतेकदा जास्त अचूक, आणि शांतही. १७ कॅलिबरची .१७ एचएमआर सपाट आणि जलद जाते, पण एवढ्याशा प्राण्यात तिने खायला फार काही उरत नाही.

कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना जुलै २०१९ पासून बंदी आहे. तिथे तांब्याच्या हलक्या गोळ्या वापराव्या लागतात आणि नेमाची सगळी तपासणी त्याच गोळ्यांवर करावी लागते.

स्कोप घेताना एक चूक हमखास होते. मोठ्या रायफलची दुर्बीण यावर चढवली जाते. ती बहुधा १०० यार्डांसाठी बसवलेली असते, त्यामुळे २५ यार्डांवर डोळा जरा हलला की नेमाची खूणही लक्ष्यावर सरकते. रिमफायरच्या दुर्बिणी ५०-६० यार्डांसाठी बसवतात. आणि नेम ५० यार्डांवर जुळवला असेल तर १०० यार्डांवर गोळी सहा-सात इंच खाली जाते, हे पाठ असलेलं बरं. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५० यार्डांवर तिला साधारण इंचभर ढकलतो, १०० यार्डांवर त्याच्या चौपट.

गोळी पुढे कुठे जाते?

खार झाडावर असते, म्हणजे नळी आकाशाकडे. नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली, तर ती पुढे जातच राहते. .२२ ची गोळी सव्वा मैलाहून लांब जाऊ शकते. काडतुसांच्या पेटीवरच हा इशारा छापलेला असतो. पलीकडे शेत असू शकतं, रस्ता असू शकतो, कुणाचं घर असू शकतं.

म्हणून जाणता शिकारी खार दिसताच चाप ओढत नाही. ती जाड खोडाला चिकटेपर्यंत किंवा तिच्या मागे टेकडीचा उतार येईपर्यंत थांबतो. मागे नुसतं आकाश असेल तर बार सोडून देतो. घरं जवळ असलेल्या जंगलात बरेच जण रायफल घरी ठेवून छऱ्याची बंदूक नेतात. तिचे बारीक छरे काही शे यार्डांत खाली पडतात.