बिलियर्ड्‌समधील क्यू आणि चेंडूचे विचलन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात व १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये हौशी बिलियर्ड्‌सचे जागतिक विजेतेपद मिळविले. पुढे मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ मध्ये तेच पद संपादन केले. या इतिहासात खेळाडूंची नोंद झाली. त्यांच्या हातातील क्यूचा विचार मात्र क्वचितच झाला. प्रस्तुत लेखात त्या साधनाचा विचार केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्यूच्या टोकास चामडे बसविण्याचे श्रेय फ्रान्समधील मिंगो यास दिले जाते. त्यामुळे चेंडूच्या मध्यापासून दूर आघात करून त्यास बाजूची फिरकी देणे सुकर झाले. १८३५ मध्ये कोरिऑलिस याने या खेळाचे गणित ग्रंथरूपाने मांडले.

मध्याच्या डावीकडे आघात केल्यास चेंडू नेमाच्या रेषेपासून किंचित उजवीकडे जातो. याचे कारण क्यूचा कडकपणा होय, असा समज खेळाडूंत आढळतो. वस्तुतः टोकाचा व चेंडूचा संपर्क सुमारे एक सहस्रांश सेकंदच टिकतो. तेवढ्या अवधीत क्यूचा केवळ अग्रभाग बाजूस ढकलला जातो. या भागाचे वस्तुमान जितके अधिक, तितके विचलन अधिक. म्हणूनच अलीकडच्या काही दशकांत अग्रभाग हलका वा पोकळ केलेले क्यू प्रचारात आले.

यावरून असे दिसते की, पूर्वीच्या खेळाडूस हे विचलन सूत्राने नव्हे, तर सरावाने सुधारावे लागे आणि तो सराव एका विशिष्ट क्यूशी बांधलेला असे. क्यू बदलणे म्हणजे नेम नव्याने शिकणे होय. सबब, जोन्स व फरेरा यांच्या यशाचा इतिहास लिहिताना क्यूचे लाकूड, वजन व टोकाची जाडी यांचीही नोंद घेणे अगत्याचे ठरते.