चौथ्या नंबरचा उमेदवार

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून एका श्रोत्यांचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्याकडे जूनमध्ये राज्याच्या असेंब्लीसाठी प्रायमरी असते. म्हणजे खऱ्या निवडणुकीआधीची निवडणूक. पक्षाचा उमेदवार कोण, हे दिल्लीत बसून कोणी ठरवत नाही, त्या पक्षाचे मतदारच मतपेटीतून ठरवतात. त्यांचा प्रश्न साधा होता : "आपल्याकडे विधानसभेसाठी असं कधी झालंय का हो?"

मी दोन सेकंदांत "नाही" असं उत्तर पाठवून दिलं. जेवताना आठवलं की हे चूक आहे. आणि चूक अशी की लाज वाटावी. कारण ज्या कागदावर याचं उत्तर आहे तो मी स्पर्धा परीक्षेच्या काळात डझनभर वेळा वाचला होता. तो कागद म्हणजे पुणे करार. तारीख पाठ, जागा पाठ, सह्या कोणाच्या तेही पाठ. मात्र दुसरं कलम मी दर वेळी डोळ्यांखालून घातलं आणि पुढे गेलो. आजचा भाग त्या एका कलमावर आहे.

पार्श्वभूमी तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना, म्हणजे तेव्हाच्या सरकारी भाषेत 'डिप्रेस्ड क्लासेस'ना, प्रांतिक कायदेमंडळांत सत्तरेक जागा दिल्या होत्या. त्या जागांवर फक्त अस्पृश्य मतदारांनी मत द्यायचं. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत होतंच. म्हणजे दोन मतं. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. २० सप्टेंबरला त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केलं. २४ सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा १४८ झाल्या.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. जागा दुप्पट मिळाल्या, स्वतंत्र मतदारसंघ सोडले, सौदा झाला. पण त्या चार दिवसांत मुंबईत आणि मग पुण्यात जी घासाघीस झाली, ती फक्त जागांच्या आकड्यावर नव्हती. खरा प्रश्न असा होता : राखीव जागेवर उमेदवार अस्पृश्य असेल, ठीक. पण त्याला निवडणार कोण? संयुक्त मतदारसंघ म्हटला की बहुतेक ठिकाणी सवर्ण मतदार कितीतरी जास्त. मग ते आपल्याला सोयीचा माणूस निवडणार. बाबासाहेबांची भीती ही होती, आणि ती निराधार होती असं आज कोणी म्हणेल असं वाटत नाही.

यावर तोडगा निघाला तो प्राथमिक निवडणुकीचा. ही कल्पना वाटाघाटीत पुढे आणली ती तेजबहादूर सप्रूंनी. दुसरं कलम सांगतं ते असं. मतदारयादीतले सगळे अस्पृश्य मतदार आधी स्वतंत्रपणे मतदान करतील. प्रत्येकाला एकच मत. ज्या चौघांना सर्वांत जास्त मतं पडतील, त्या चौघांचं पॅनेल. मग दुसरी फेरी. तिच्यात सवर्ण, अस्पृश्य सगळे मिळून त्या चौघांतून एकाला निवडतील. ही व्यवस्था दहा वर्षांसाठी.

ऐकायला न्यायाचं वाटतं ना? पहिली चाळणी तुमची, शेवटची निवड सर्वांची. मलाही वाटलं. मग मी पेन घेऊन बसलो.

तुम्हीही जरा हिशेब करा माझ्याबरोबर. प्रत्येकाला एक मत आणि वरचे चार जण पुढे जाणार. तर पुढे जाण्याची खात्री व्हायला किती मतं लागतात? एक पंचमांशापेक्षा जरा जास्त. वीस टक्क्यांहून एक मत अधिक पडलं की तुम्हाला चौघांतून बाहेर काढणं अशक्य, कारण पाच जणांना वीस टक्क्यांहून जास्त मतं पडूच शकत नाहीत. याचा उलटा अर्थ बघा. मतदारसंघातल्या जवळपास ऐंशी टक्के अस्पृश्य मतदारांना एखादा उमेदवार नको असला, तरी तो पॅनेलमध्ये बसतो. आणि एकदा पॅनेलमध्ये बसला की पहिला काय आणि चौथा काय, दुसऱ्या फेरीत सगळे सारखेच. तिथे सवर्णांची मतं ज्याच्याकडे झुकतील तो आमदार.

म्हणून सगळी गोम त्या 'चार' मध्ये आहे. पॅनेल एकाचं असतं तर तो जवळजवळ स्वतंत्र मतदारसंघच झाला असता. दोघांचं असतं तर आत यायला एक तृतीयांश मतं लागली असती. आकडा जसा वाढतो तसा पहिल्या फेरीतल्या मतदाराचा नकार पातळ होत जातो. येरवड्यात उपोषणाचा एकेक दिवस जात असताना असल्या आकड्यांवर माणसं भांडत होती, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

बरं, नको असलेल्या माणसाला बाहेर ठेवण्याचा काही उपाय? होता. आपलेच चार उमेदवार उभे करायचे आणि आपली मतं चौघांत सारखी वाटायची. म्हणजे या वस्तीनं याला, त्या गावानं त्याला. आता १९३७ सालचा तालुका आठवा. फोन नाही, पैसे नाहीत, बरेच मतदार निरक्षर. त्यात चार जणांचा खर्च, चार जणांची अनामत. आणि हे सगळं करून जिंकायचं काय, तर पुन्हा दुसरी निवडणूक लढवण्याचा हक्क! सर्वसाधारण जागेवरचा उमेदवार एकदा लढायचा, सगळ्यांत गरीब समाजाचा उमेदवार दोनदा.

करारानंतर भांडण मिटलं नाही. मतदारसंघांची आखणी करायला सर लॉरी हॅमंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा वाद झाला की चार ही कमाल संख्या की किमान? सवर्ण पुढाऱ्यांचं म्हणणं, किमान. निवडीला वाव हवा. अस्पृश्य पुढाऱ्यांचं म्हणणं, कमाल. आमच्यात एकच उमेदवार उभा राहिला तर एकच. निर्णय अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. पण त्याची दुसरी बाजू अशी की चार किंवा त्याहून कमी उमेदवार असतील तर प्राथमिक निवडणूक घ्यायचं कारणच उरत नाही. त्यामुळे कितीतरी राखीव जागांवर पहिली फेरी झालीच नाही. मला वाटतं, ही व्यवस्था लोकांच्या आठवणीतून पुसली गेली त्याचं हे एक कारण असावं.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात १५ राखीव जागा होत्या. बाबासाहेबांनी आदल्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. ते स्वतः मुंबईत भायखळा-परळ भागातून उभे राहिले. काँग्रेसनं त्यांच्यासमोर कोणाला उभं केलं? पाळवणकर बाळू यांना. क्रिकेटवाल्या मंडळींनी नाव ओळखलं असेल. डावखुरे फिरकी गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे, आणि तरीही क्लबमध्ये चहा वेगळ्या भांड्यातून मिळालेले. गंमत म्हणावी की काय, पण पुणे करारावर खाली सह्या बघितल्या तर आंबेडकरांचीही आहे आणि पी. बाळू यांचीही. पाच वर्षांनी त्याच कराराखालच्या जागेसाठी दोघे समोरासमोर. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचं अंतर. बाळूंना काँग्रेसचं बाहुलं म्हणणारे लोक आहेत. मला तसं म्हणवत नाही. त्या माणसाची स्वतःची कमाई मोठी होती. पण व्यवस्था अशी होती की तो कोणीही असता तरी सवर्ण मतं त्याच्या पारड्यात पडलीच असती.

त्या वेळी मजूर पक्षानं मुंबई प्रांतात चांगली कामगिरी केली. इथे एका गोष्टीची मदत झाली. मुंबई प्रांतात राखीव जागा असलेल्या मतदारसंघांत एकापेक्षा जास्त जागा असायच्या आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता यायची. त्यामुळे अल्पसंख्य मतदारांनी एकजुटीनं मतं टाकली की ती वाया जात नसत. म्हणजे बाबासाहेबांना वाचवलं ते पॅनेलनं नव्हे, मतं एकगठ्ठा टाकण्याच्या सोयीनं.

आता अमेरिकेकडे एक चक्कर मारू, कारण मूळ प्रश्न तिकडून आला होता. टेक्सास राज्यानं १९२३ साली कायदा केला की डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मत नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत हवं तर द्या. पण तिथे डेमोक्रॅटिक उमेदवार निवडून येणार हे ठरलेलंच असायचं, त्यामुळे खरी निवडणूक प्रायमरीच. ह्यूस्टनच्या लॉनी स्मिथ नावाच्या दंतवैद्यानं लढवलेल्या खटल्यात १९४४ साली सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी मोडली. त्याच शहरातून बार्बरा जॉर्डन १९६२ आणि १९६४ ला राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी प्रायमरी हरल्या आणि १९६६ ला नव्यानं आखलेल्या मतदारसंघातून सिनेटची प्रायमरी जिंकल्या. १८८३ नंतर टेक्सासच्या सिनेटमध्ये आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय.

हे वाचताना मला आपल्याकडचं चित्र आरशात उलटं दिसल्यासारखं झालं. तिकडे पहिल्या दाराला कुलूप, दुसरं दार उघडं, पण तोवर आत सगळं वाटून झालेलं. आपल्याकडे पहिलं दार अस्पृश्यांच्या हातात, आणि किल्ली दुसऱ्या दाराची लागायची.

ते किती खरं होतं, हे १९४६ ला दिसलं. आता बाबासाहेबांचा पक्ष होता शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन. देशभरात १५१ राखीव जागा. फेडरेशनला मिळाल्या दोन. या आकड्यावर काँग्रेसनं म्हटलं, बघा, अस्पृश्यांचे प्रतिनिधी आम्हीच. बाबासाहेबांचं उत्तर होतं, शेवटचा निकाल काय सांगता, पहिल्या फेरीचा बघा. जिथे फक्त आमच्या माणसांनी मतदान केलं, तिथे कोण पुढे होतं ते बघा. एप्रिल १९४६ मध्ये ते कॅबिनेट मिशनला भेटले, तेव्हाही आणि नंतरच्या पत्रांतूनही हाच मुद्दा लावून धरला. मिशननं मानलं नाही. मे महिन्यातल्या त्यांच्या योजनेत गट तीनच होते : सर्वसाधारण, मुस्लिम, शीख.

प्रामाणिकपणे सांगायचं तर काँग्रेसच्या बाजूनंही एक मुद्दा होता. पहिली फेरी मोजक्याच जागांवर झाली होती. तेवढ्यावरून सगळ्या देशाचा कल सांगता येत नाही, आणि फेडरेशनची संघटना अनेक प्रांतांत अगदीच तुटपुंजी होती. हे मान्य. पण मग तोच न्याय उलटाही लावा ना. पहिली फेरी पुरेशी नाही म्हणून दुसरी फेरी म्हणजे अस्पृश्यांचं मत, हे कुठून आलं?

जुलै १९४६ मध्ये मुंबई विधिमंडळाचं अधिवेशन पुण्यात भरलं होतं. फेडरेशनचे कार्यकर्ते तिथे सत्याग्रहाला आले आणि अटक करवून घेत राहिले. मागणी होती पुणे करार रद्द करा. ज्या शहरात सह्या झाल्या त्याच शहरात, चौदा वर्षांनी. त्याच महिन्यात बाबासाहेब संविधान सभेवर गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीनं.

पुढे संविधानात राखीव जागा राहिल्या, संयुक्त मतदारसंघ राहिला, आणि पहिली फेरी गेली. तिच्यासाठी कोणी फारसं रडलं नाही. बाबासाहेबांना ती पुरेशी वाटत नव्हती, त्यांना पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ हवे होते, आणि १९४७ च्या निवेदनात त्यांनी तसं लिहिलंही. इतरांना ती कधीच नको होती.

न्यू जर्सीच्या दादांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी नवा मेसेज पाठवला : "काल चुकीचं सांगितलं. झालं होतं. दोन वेळा, १९३७ आणि १९४६ च्या निवडणुकांत. फक्त राखीव जागांसाठी." त्यांचं लगेच उत्तर आलं, "मग बंद का केलं?" त्यांना म्हटलं, भाग ऐका.