पुण्याची वसती : पेठ कीं पेठेबाहेर ?

पुण्यांत घर करूं इच्छिणाऱ्या माणसापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो पेठेंत राहावें कीं पेठेबाहेर, हा. मोटारी आणि सिमेंटच्या इमारती यांच्याबरोबर हा प्रश्न उत्पन्न झाला, असा सामान्य समज आहे. तो बरोबर नाहीं. कसबा सोडून नव्या पेठेंत जावें कीं नाहीं, याचा विचार पेशवाईंतील पुणेकरांना करावा लागला. प्लेगच्या सालांत त्यांच्या पणतवंडांना तोच विचार पुन्हां करावा लागला. आणि १९६१ च्या पुरानंतर तो तिसऱ्यांदा करणें भाग पडलें. या तिन्ही वेळां निवड कशी झाली हें पाहणें हा या लेखाचा एक हेतु. दुसरा हेतु असा कीं, घर हाललें म्हणजे घरांतील कागदही हालतात, आणि त्या हालचालीचा आपल्या संग्रहांशीं फार निकट संबंध आहे, इकडे वाचकांचें लक्ष वेधावें.

मूळचें गांव म्हणजे मुठेच्या उजव्या तीरावरील कसबा. विजापूरकरांच्या वतीनें मुरार जगदेव यानें इ. स. १६३० च्या सुमारास तें उद्ध्वस्त केलें. पुढें शहाजी राजांच्या जहागिरींत, दादोजी कोंडदेव यांच्या कारभारांत, तें पुन्हां वसविण्यांत आलें. त्या काळीं आंत कीं बाहेर हा प्रश्नच नव्हता; मुळांत या जागीं परत यावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता. लाल महालांत जिजाबाई आणि बाल शिवाजी राजे यांचा मुक्काम झाला, हेंच त्या काळच्या रयतेला मिळालेलें सर्वांत मोठें आश्वासन होय.

कसब्याभोंवतीं हळूहळू पेठा उभ्या राहिल्या. त्यांचीं वारांचीं नांवें आज सर्वांच्या तोंडीं आहेत. परंतु जुन्या कागदांतून त्या निराळ्या नांवांनीं येतात. शनिवार ती मुर्तजाबाद, रविवार ती मलकापूर, सोमवार ती शहापूर, मंगळवार ती अष्टापूर, बुधवार ती मोहियाबाद व शुक्रवार ती विसापूर. संग्राहकांनीं हीं नांवें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. विसापूर म्हटलें कीं लोहगडाशेजारचा किल्ला आठवतो, शहापूर म्हटलें कीं ठाणें जिल्हा आठवतो, मलकापूर म्हटलें कीं कोल्हापूरकडचा अथवा वऱ्हाडकडचा गांव आठवतो. आणि पुण्यांतल्याच एखाद्या घराचें खरेदीखत भलत्याच प्रांताच्या रुमालांत जाऊन पडण्याचा संभव राहतो. खतांतील चतुःसीमा नीट वाचल्यास असा घोटाळा टळतो.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. तेथून पुण्याची वाढ झपाट्यानें झाली. पेठ बसविण्याची रीत ठरलेली होती. सरकारांतून जागा नेमून द्यावयाची. कौल देऊन वाणी, उदमी, कारागीर बोलवावयाचे. नव्या कुळांना कांहीं वर्षें करांची माफी अथवा सूट द्यावयाची. आणि पेठ वसविणाऱ्यास शेटेपणासारखा हक्क चालवावयाचा. शुक्रवार पेठेची वसाहत जिवाजीपंत खासगीवाले यांच्याकडे होती. नारायण व सदाशिव या पेठा पेशव्यांच्या घरांतील नांवांनीं वसल्या. रास्ते, घोरपडे व नाना फडणीस यांच्या नांवांच्या पेठा सरदार-मुत्सद्द्यांच्या आश्रयानें झाल्या. म्हणजे नवी पेठ ही आपोआप पसरलेली वस्ती नसून, माणसें बाहेर यावींत म्हणून मुद्दाम दाखविलेलें आमिष होतें. आमिष दाखवावें लागलें, यावरूनच लोक जुनी जागा सहजीं सोडीत नसत हें उघड होतें.

आज जो भाग शहराचें काळीज समजला जातो, त्यांतील कित्येक ठिकाणांच्या नांवांत बाग शब्द आहे : तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, विश्रामबाग. हीं नांवें सांगतात कीं, एके काळीं येथें दाट वस्ती नव्हती, मोकळी जागा होती. एका पिढीची वेस ती दुसऱ्या पिढीचा चौक होते. तेव्हां पेठ आणि पेठेबाहेर हे शब्द स्थळवाचक जितके, त्याहून अधिक काळवाचक आहेत, असें आम्हांस वाटतें.

बाहेर राहणें शक्य झालें तें मुख्यतः पाण्यामुळें. कसबा नदीवर पोसला गेला; परंतु दक्षिणेकडील उंचवट्यावरील पेठांना नदी दूर पडे. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावांतून बंदिस्त नळानें पाणी आणून शहरांतील हौदांत सोडलें. मोठमोठ्या वाड्यांनाही त्या नळाचा फांटा मिळे. त्या काळच्या गृहस्थानें जागा पसंत करतांना हौद किती अंतरावर आहे हें प्रथम पाहिलें असेल, यांत शंका नाहीं.

दुसरी बाब संरक्षणाची. या सर्व पेठांभोंवतीं एकसंध तट नव्हता. इ. स. १७६३ त निजामअली व जानोजी भोसले यांच्या फौजांनीं पुणें लुटलें व जाळलें, तेव्हां आंतला आणि बाहेरला असा भेद राहिला नाहीं. ज्यांना शक्य झालें ते सिंहगडाच्या आश्रयास गेले. गडाच्या पायथ्याच्या गांवाला आग लागून तेथें हलविलेलें दप्तर नष्ट झाल्याचें ग्रांट डफनें नमूद केलें आहे. सुरक्षिततेसाठीं म्हणून बाहेर काढलेला कागद बाहेरच जळाला, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलकी आहे.

याच्या अगदीं उलट उदाहरण पुढच्या शतकांत सांपडतें. इ. स. १८२१ त सुरू झालेली संस्कृत पाठशाळा विश्रामबागवाड्यांत होती. तिच्यांतून वाढलेलें कॉलेज १८६८ त येरवड्यास नव्या इमारतींत गेलें व डेक्कन कॉलेज हें नांव पावलें. गांवापासून इतक्या लांब विद्या नेणें पुष्कळांना गैरसोयीचें वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु १८७९ सालीं विश्रामबागवाड्याला आग लागली, बुधवारवाडा तर त्याच आगींत गेला, तेव्हां कॉलेज तेथें नव्हतें. ब्यूलर, कीलहॉर्न प्रभृतींच्या काळीं जमलेला हस्तलिखितांचा सरकारी संग्रह येरवड्यास नांदला व पुढें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आला. १७६३ त बाहेर जाणें घातक ठरलें, १८७९ त तारक ठरलें. यावरून आंत अथवा बाहेर असा सरसकट नियम बांधतां येत नाहीं.

इंग्रजी अमलांत पूर्वेकडे लष्कराची छावणी झाली, १८५७ त नगरपालिका व १८५८ त आगगाडी आली; तरी पेठकर पेठेंतच राहिला. त्याला बाहेर काढलें तें प्लेगनें. १८९६ च्या अखेरीस सांथ पुण्यांत शिरली. १८९७ त रँड यांच्या अध्यक्षतेखालील कमिटीनें घरझडत्या सुरू केल्या; २२ जून रोजीं चाफेकर बंधूंनीं रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. हा इतिहास सर्वविश्रुत आहे. आमच्या विषयापुरतें महत्त्व याला कीं, त्या व पुढील सालांत हजारों कुटुंबांना गांव सोडून माळावर झोंपड्यांत राहावें लागलें. उघड्या हवेंत मनुष्य जगतो, उलट वाड्याच्या अंधाऱ्या माजघरांत उंदीर पडला कीं घर ओस पडतें, हा धडा कोणत्याही व्याख्यानाहून अधिक खोल गेला.

संस्थांनीं वाट आधींच दाखविली होती. शनिवारांतील गद्रे वाड्यांत १८८५ त निघालेलें फर्ग्युसन कॉलेज १८९५ त नदीपलीकडे गेलें. धोंडो केशव कर्वे यांनीं आपला अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं सदाशिव पेठेंतून हिंगण्यास नेला. प्लेग हें त्याचें एक कारण होतें. गांवांत शिकवून हिंगण्यास पायीं जाण्याचा त्यांचा क्रम म्हणजे पेठेबाहेर राहण्याची किंमत काय पडे याचें मापच होय. १९०६ त डेक्कन जिमखाना निघाला आणि त्या परिसरांत बंगल्यांची वस्ती झाली. १९१५ सालीं नगररचनेचा कायदा मुंबई इलाख्यांत आला व १९२३ त नदीवर लॉइड पूल, आजचा शिवाजी पूल, खुला झाला. पूल झाला तरी बोलणें बदललें नाहीं : जिमखान्यावरचा गृहस्थ मंडईस निघाला कीं ‘गांवांत जाऊन येतों’ असेंच म्हणे.

संशोधनाच्या दोन मोठ्या संस्थांनींही दोन निरनिराळ्या निवडी केल्या, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. १९१० त स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेंत राहिलें. १९१७ चें भांडारकर मंदिर नदीपलीकडे वसलें. एकाला रुमाल काखेंत मारून चालत येणारे जुने वतनदार, जोशी, कुळकर्णी यांची जवळीक हवी होती. दुसऱ्याला ग्रंथांसाठीं ऐसपैस जागा व निवांतपणा हवा होता. दोघांचेंही चुकलें असें म्हणतां येणार नाहीं. गो. स. सरदेसाई यांनीं तर दोन्ही सोडून कामशेत पत्करलें, आणि तेथें राहून पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड पार पाडले.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या मानावर खिळलीं. भाडेकऱ्यास पेठेंत टिकतां आलें, परंतु मालकास वाडा दुरुस्त करणें परवडेना. त्यांत १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही धरण फुटलें. नारायण, शनिवार, कसबा या नदीकांठच्या पेठा आणि समोरचा जिमखाना, शिवाजीनगर, दोन्हीं तीरांवर सारखाच कहर झाला. प्रश्न त्या दिवशीं पेठेचा नव्हता, उंचीचा होता. पूरग्रस्तांसाठीं गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या व शहर कायमचें बाहेर पसरलें. १९७० च्या सदनिका-मालकीच्या कायद्यानंतर वाडे पाडून त्यांच्याच जागीं मजले चढविण्यास जोर आला.

या सर्वांतून एक निष्कर्ष निघतो. पाणी, संरक्षण, उपजीविका व शेजार या चार गोष्टी पाहून पुणेकरानें जागा निवडली. पहिल्या तीन बदलतांच त्यानें जागा बदलली. चौथी सोडतांना मात्र तो प्रत्येक वेळीं रेंगाळला. परंतु या निवडीचा हिशेब कोठें सांपडेल ? तो बखरींत नाहीं. तो खरेदीखतांत, गहाणखतांत, भाडेचिठ्ठ्यांत, वांटणीपत्रांत, प्लेगच्या सालांतील खासगी पत्रांत आणि गृहरचना संस्थांच्या पहिल्या सभांच्या वृत्तांतांत आहे. सनदा व राजपत्रें जपणारे आपण, असले कागद किरकोळ म्हणून बाजूला सारतों. वाडा रिकामा होतो तेव्हां माळ्यावरचा रुमाल नव्या घरांत मावत नाहीं आणि रद्दीच्या तराजूंत जातो.

म्हणून संग्राहकांना आमची विनंति अशी. पाडल्या जाणाऱ्या वाड्यांतून आलेल्या प्रत्येक रुमालावर तो कोणत्या पेठेंतील, कोणत्या घरांतील, कोणत्या सालीं व कोणाकडून मिळाला, या चार गोष्टी त्याच दिवशीं लिहून ठेवाव्या. रुमालाची मूळची बांधणी, तिची यादी होईपर्यंत, मोडूं नये. कागद कोणत्या कागदाशेजारीं होता, हीही एक चतुःसीमाच आहे. कुटुंबानें पेठ सोडली यांत खंत करण्याचें कारण नाहीं. पेठाही कोणीतरी कसबा सोडला म्हणूनच वसल्या. परंतु घर सोडणाऱ्यानें ठिकाण सोडतांना ठिकाणाची खूण सोबत न्यावी, आणि ती नेली नसेल तर संग्राहकानें ती लावून द्यावी. हें काम पुढच्या पिढीवर टाकतां येणार नाहीं, कारण त्या पिढीला वाडा दिसणार नाहीं.