चौतीस पदार्थ आणि गप्प बसलेली नर्स

'फिंगर फूड' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसूच आलं. अहो, आपल्याकडे काय काट्याचमच्याने जेवतात? वरणभातापासून पुरणपोळीपर्यंत सगळं फिंगर फूडच की! पण घरात सव्वा वर्षाची कन्या बागडायला लागल्यावर लक्षात आलं की गंमत उलटीच आहे. हाताने जेवणाऱ्या आपल्या घरांत हाताने जेवायला सगळ्यात शेवटी कोणाला मिळतं, तर लहान मुलाला. त्याच्या मागे आई, आजी, नाहीतर बाबा वाटी घेऊन फिरतात. चिऊचा घास, काऊचा घास, आणि हल्ली मोबाईलमधल्या कार्टूनचा घास. तोंड उघडलं की चमचा आत. बाळाने वाटीत हात घातला तर "अगं अगं, सांडशील!"

आमच्या टीममध्ये सध्या चौघांकडे लहान मुलं आहेत. लंचला बसलो की प्रॉडक्शनमधल्या बगपेक्षा जास्त चर्चा 'तुमचा खातो का?' यावर होते. म्हणून या वीकएंडला जरा खोदकाम केलं. म्हटलं, मुलांना त्यांच्या हातानं खाऊ दिलं तर नक्की काय होतं, हे कोणी नीट तपासून पाहिलंय का? पाहिलंय. आणि तेही जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी.

बाईंचं नाव क्लारा डेव्हिस. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ. त्या काळात तिथल्या डॉक्टरांचा मुलांच्या खाण्यावर भलताच कडक अंमल होता. ल्यूथर एमेट होल्ट नावाच्या डॉक्टरांचं 1894 सालचं प्रश्नोत्तररूपी पुस्तक घरोघरी प्रमाण मानलं जायचं. काय द्यायचं, किती द्यायचं, किती वाजता द्यायचं, सगळं ठरलेलं. आणि परिणाम? डॉक्टरांकडे येणाऱ्या आयांची नेहमीची तक्रार एकच: मूल जेवत नाही हो! (काही तक्रारी कालातीत असतात.) डेव्हिसबाईंना शंका आली की बिघाड मुलात नसून या वेळापत्रकातच असेल तर? आमच्या भाषेत सांगायचं तर युजरला दोष देण्याआधी सिस्टीम तपासा.

1926 साली त्यांनी क्लीव्हलंडच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये प्रयोग सुरू केला, पुढे तो शिकागोत गेला. एकूण पंधरा मुलं. सुरुवातीला वय सहा ते अकरा महिने, म्हणजे नुकतं दूध सुटत आलेलं, वरचं अन्न कधी चाखलेलं नाही. बहुतेक गरीब, आधार नसलेल्या आयांची बाळं. काही जण सहा महिने त्या प्रयोगात होते, काही तर साडेचार वर्षं. आज कुठलीही नीतिसमिती असला प्रयोग मंजूर करणार नाही, आणि माझ्या मते करूही नये. निकाल वाचताना मला ती मुलं सारखी आठवत राहतात.

पद्धत अगदी साधी. एकूण चौतीस पदार्थांची यादी, जेवणांमध्ये वाटून दिलेली. प्रत्येक पदार्थ वेगळ्या भांड्यात, कशात काही कालवलेलं नाही. दूध, आंबवलेलं दूध, सफरचंद, केळं, संत्र्याचा रस, गाजर, बीट, वाटाणे, बटाटा, कोबी, ओट्स, गहू, बार्ली, अंडी, मासे, चिकन, काळीज, मेंदू, हाडातला मगज. मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. शेजारी नर्स चमचा घेऊन बसलेली, पण तिला सक्त ताकीद: गप्प राहायचं. काही सुचवायचं नाही, 'हे छान आहे' म्हणायचं नाही, जास्त खाल्लं म्हणून कौतुक नाही आणि कमी खाल्लं म्हणून तोंड वाकडं नाही. बाळाने हात पुढे केला किंवा बोट दाखवलं, तरच तिने त्या भांड्यातला एक चमचा उचलायचा, आणि तोही बाळाने आपणहून तोंड उघडलं तरच द्यायचा. हाताने खाल्लं तर उत्तमच. शिस्त वगैरे काही लावायची नाही.

आता कल्पना करा, आपल्या घरातली कुठली आजी या नोकरीत अर्धा तास टिकेल? :)

झालं काय, तर मुलांनी सुरुवातीला जवळजवळ सगळंच चाखून पाहिलं. पालक फक्त एकाने कधीच चाखला नाही, लेट्यूसची पानं दोघांनी. मीठ तोंडात टाकल्यावर ठसका लागायचा, कधी रडूही यायचं, पण थुंकायची नाहीत, परत तिकडेच हात! मग प्रत्येकाच्या आवडी ठरत गेल्या, बदलत गेल्या. कोणी सकाळी सकाळी संत्र्याच्या रसासोबत काळीज खाल्लं, कोणी संध्याकाळी चार-दोन अंडी आणि केळी. पंधरा मुलांचे पंधरा आहार, एकासारखा दुसरा नाही. एकेक जेवण बघितलं तर आहारतज्ज्ञाला घाम फुटावा. पण महिनोन् महिन्यांचा हिशोब जुळत होता, मुलं धडधाकट वाढत होती.

एकाची गोष्ट तर नोंदवण्यासारखीच आहे. त्या मुलाला मुडदूस होता. त्याच्या ट्रेमध्ये कॉड लिव्हर ऑईलचा छोटा ग्लास ठेवला. घेतलं तर घेतलं. तो कधी कमी, कधी जास्त पीत राहिला, आणि मुडदूस बरा झाल्याचं एक्स-रेत दिसल्यानंतर त्याने ते घेतलं नाही. हे वाचून 'बघा, शरीराला सगळं कळतं!' असं ओरडायचा मोह होतो. पण एका मुलावरून नियम काढायचा नसतो, हे आपल्यासारख्या डेटावाल्यांनी तरी विसरू नये.

डेव्हिसबाई स्वतःही विसरल्या नाहीत. 1939 साली मॉन्ट्रियलला निष्कर्ष मांडताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की या प्रयोगाची खरी गोम यादीत आहे. यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. जे काही उचललं ते बरंच असणार होतं. थोडक्यात, काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवलं. त्यातलं काय आणि किती, ते मुलांनी. पुढे 1980च्या दशकात एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी जबाबदारीची जी वाटणी मांडली, ती याच वळणाची.

पुढचा प्रयोग त्यांच्या मनात होता: हेच सगळं, पण यादीत प्रक्रिया केलेले पदार्थ घालून. महामंदीने पैसा आटला आणि तो राहून गेला. माझ्या मते आपल्या पिढीच्या कामाचा प्रयोग नेमका तोच होता. पहिल्या प्रयोगात छत्तीस हजारांहून जास्त जेवणांच्या नोंदी झाल्या होत्या, पण सविस्तर प्रसिद्ध अशा त्या कधी झाल्याच नाहीत. 1959 साली बाई वारल्या आणि मग कच्च्या नोंदींची खोकी फेकून दिली गेली. बॅकअप नाही. वाचून पोटात कालवलं.

योगायोग बघा. बाईंचा पहिला लेख 1928 सालचा. त्याच वर्षी मिशिगनमधल्या फ्रीमाँट गावच्या एका कॅनिंग कंपनीने, म्हणजे गर्बरने, गाळलेले वाटाणे, गाजर, पालक असे बाळांसाठी डबे बाजारात आणले. एकीकडे बाळाचा हात, दुसरीकडे मोठ्यांचा चमचा. जिंकला अर्थातच चमचा. डबा उघडा आणि भरवा, किती सोपं! मग वरचं अन्न सुरू करायचं वय खाली खाली घसरत गेलं. 1950च्या दशकात तर अमेरिकेत काही आठवड्यांच्या बाळांनाही भरवत होते. आता ज्या बाळाची मानही धरत नाही, त्याला गुळगुळीत लगदाच द्यावा लागणार. म्हणजे लगद्याची गरज बाळाला नव्हती, आपल्या घाईला होती.

2001 साली जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने फक्त आईचं दूध ही शिफारस केली आणि चित्र बदललं. जिल रॅप्ली या ब्रिटिश बाईंचा मुद्दा बिनतोड होता: सहा महिन्यांचं बाळ आधाराने बसतं, वस्तू पकडतं, तोंडात घालतं. मग भरवायचं कशाला? त्यांचं पुस्तक 2008 साली आलं. घशात अडकेल ही भीती सगळ्यांनाच वाटते. न्यूझीलंडमध्ये दोनशेच्या आसपास कुटुंबांवर चाचणी झाली. त्यात हाताने खाणाऱ्या बाळांना घास अडकण्याचं प्रमाण जास्त आढळलं नाही. पण त्या पालकांना कुठले पदार्थ टाळायचे ते नीट शिकवलं होतं, हे महत्त्वाचं. वजनातही मोठा फरक दिसला नाही, तेव्हा 'हाताने खाल्लं की मूल सडपातळ' वगैरे दावे सोडून द्या.

आपल्याकडे उष्टावण साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारासच होते, म्हणजे मुहूर्त बरोबरच होता. आणि चौतीस पदार्थ मांडायचीही गरज नाही, आपल्या ताटातलेच दोन-तीन पुरतात. सुरुवातीला बाळ पूर्ण मुठीने पकडतं, म्हणून तुकडा बोटाएवढा लांब हवा, मुठीच्या बाहेर थोडा आला पाहिजे. वाफवलेलं गाजर, रताळं, दुधी, लाल भोपळा. बोटांत धरून दाबलं की चेपला जाईल इतका मऊ. पिकलेलं केळं, पपई. इडलीची लांब फोड, मुगाचं धिरडं, नाचणीचं घावन, उकडलेल्या अंड्याची फोड. नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि बोटाची चिमूट जमायला लागते, मग पनीरचे बारीक तुकडे, मऊ शिजवून चेपलेले वाटाणे, तूपभाताचे छोटे गोळे.

अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, पॉपकॉर्न मात्र अजिबात नाही. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या. मध वर्षाच्या आत नाही, मीठ-साखरही नाही. बाळ सरळ बसलेलं हवं आणि मोठं माणूस समोर हवं. गप्प बसलं तरी चालेल, पण समोर.

आणि हो, खाली जुना पेपर अंथरा. तोही तोंडात जाईल याची तयारी ठेवा. डेव्हिसबाईंच्या मुलांनी पहिल्या दिवसांत चमचा, बशी आणि ट्रेवरचा कागदसुद्धा मोठ्या आशेने चावून पाहिला होता.