एक चाकर, दोन धनी

हैदराबाद शहरातून विजयवाड्याकडे निघालेल्या हमरस्त्यावर दिलसुखनगर ही गजबजलेली वस्ती लागते. २४ सप्टेंबर २०१८ पासून तिच्या माथ्यावरून मेट्रो गाडी धावू लागली. गाडी सुरू झाली की ती कोणी आणि कोणत्या अटींवर आणली, याचा उतारूंना लवकरच विसर पडतो. हैदराबादच्या इतिहासात मात्र या प्रश्नानेच दोनदा वादळ उठविले आहे.

१८७४ साली वाडी जंक्शनहून हैदराबादेस रेल्वे आली, ती निजाम सरकारच्या खर्चाने. पुढे हा मार्ग बेजवाडा आणि चांदा येथवर न्यावा, त्यासाठी लंडनमध्ये कंपनी काढावी आणि तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी राज्याच्या खजिन्याने द्यावी, असा बेत १८८३ साली ठरला. कर्तबगार दिवाण सालारजंग त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तले होते आणि निजाम महबूब अली खान अद्याप अल्पवयीन होते. अशा वेळी या योजनेचा तपशील रयतेपुढे मांडावा, अशी मागणी काही सुशिक्षित नागरिकांनी केली. त्यांत मुल्ला अब्दुल कय्यूम होते, तसेच सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्यायही होते. सरकारने या मागणीला उत्तर दिले ते हद्दपारीचे. मे १८८३ मध्ये अघोरनाथांना राज्य सोडावे लागले.

रेल्वेच्या वाटाघाटींत निजाम सरकारच्या वतीने वावरणारे मुख्य अधिकारी होते सरदार अब्दुल हक. १८८६ साली राज्यातील खनिजांचा मक्ता ९९ वर्षांसाठी देण्यात आला, त्या व्यवहारातही त्यांचा हात होता. मक्तेदारांनी दहा लाख पौंड भांडवलाची कंपनी उभारली आणि तिचे बहुतेक शेअर दाम न मोजता स्वतःकडे घेतले. त्यांतील मोठा वाटा अब्दुल हक यांच्या पदरात पडला. पुढे निजाम सरकारनेही या कंपनीचे शेअर चढ्या भावाने विकत घेतले. खरेदीचा सल्ला देणारा आणि माल विकणारा असे दोघेही एकच गृहस्थ होते! १८८८ साली लंडनच्या पार्लमेंटने चौकशी समिती नेमली तेव्हा हे सारे उजेडात आले आणि अब्दुल हक यांचे पद गेले. जो प्रश्न विचारल्याबद्दल अघोरनाथांना हद्दपार व्हावे लागले होते, त्याच जातीचा प्रश्न पाच वर्षांनी साम्राज्याच्या राजधानीत विचारावा लागला.

असे केवळ संस्थानी कारभारातच घडते, असे मात्र नव्हे. १९५९ साली ब्रिटनचे वाहतूकमंत्री झालेले अर्नेस्ट मार्पल्स यांचे रस्ते बांधणाऱ्या कंपनीत बहुसंख्य शेअर होते. पार्लमेंटात बोभाटा झाला आणि ते शेअर हातावेगळे करणे त्यांना भाग पडले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६३ साली, बीचिंग अहवालाने दोन हजारांवर स्थानके बंद करण्याची शिफारस केली. त्यांतील कित्येक मार्ग खरोखरच तोट्यात होते. तरीही निर्णय देणाऱ्याचे हितसंबंध दुसऱ्या पारड्यात असल्यामुळे, त्या निर्णयाविषयीचा संशय लोकांच्या मनातून कधीच गेला नाही.

दिलसुखनगरच्या मेट्रोची कथाही या प्रश्नापासून दूर नाही. जुलै २००८ मध्ये हा ठेका ‘मायटास’ कंपनीच्या गटास मिळाला. सरकारकडून अनुदान मागण्याऐवजी या गटाने उलट सरकारलाच ३०,३११ कोटी रुपये देऊ केले होते! दिल्ली मेट्रोचे प्रमुख ई. श्रीधरन यांना हा उदारपणा पटला नाही. गाडीपेक्षा जमिनीच्या वाढत्या किमतीवर ठेकेदाराचा डोळा आहे, असा इशारा त्यांनी नियोजन आयोगास पत्राने दिला. आंध्र सरकारने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची भाषा केली. जानेवारी २००९ मध्ये मायटासशी कौटुंबिक नाते असलेल्या ‘सत्यम’च्या हिशेबांतील लबाडी तिच्या अध्यक्षांनीच कबूल केली. मायटासला मेट्रोसाठी भांडवल उभे करता आले नाही आणि जुलैमध्ये ठेका रद्द झाला. २०१० साली तो लार्सन अँड टुब्रोकडे गेला. या कंपनीने १,४५८ कोटींचे अनुदान मागितले होते.

रेल्वे काय, रस्ता काय, त्यात लोकांचा पैसा आणि लोकांची जमीन गुंतलेली असते. एका चाकराने दोन धन्यांची सेवा पत्करली, तर त्यांतील एकाचा घात ठरलेलाच. म्हणून करारावर सही होण्यापूर्वी जो ‘यात लाभ कोणाचा?’ असे विचारतो, त्याला प्रगतीचा शत्रू समजू नये. अघोरनाथांना हद्दपार केल्याने खजिना वाचला नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले असते, तर कदाचित तो वाचला असता.