आधी मेण, मग कुंकू

आजीची फणेरपेटी अजून माझ्याकडे आहे. वीतभर लांबीची, शिसवी. झाकण उचललं की आतून आरसा निघतो आणि खाचेत तिरका उभा राहतो. खाली कप्पे: फणीचा, कुंकवाच्या करंड्याचा, काजळाच्या डबीचा. कोपऱ्यात सुपारीएवढी मेणाची डबी. उदगीरकडच्या आमच्या घरात न्हाणं आटोपलं की आजी ओसरीवर उजेडाकडे तोंड करून बसायची. बोटाच्या टोकावर मेण घेऊन कपाळावर मधोमध गोल फिरवायची. दुसऱ्या कोरड्या बोटानं त्यावर कुंकू टेकवायची, पदराच्या टोकानं कडा साफ करायची आणि पेटी मिटायची. संध्याकाळी शेतातून परत येईपर्यंत ते कुंकू जागचं हलायचं नाही.

मी तसं करायला गेले की कपाळभर लाल फराटे. मग आजी म्हणायची, "चोळायलीस काय गं? टेकव की!"

गेल्या वर्षी भाचीबरोबर लातूरमधल्या एका ‘सेल्फ मेकअप’च्या वर्गात जाऊन बसले. शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्याच तासाला सांगितलं, आधी प्रायमर लावा, तो मुरू द्या, मग फाउंडेशन. आणि स्पंज घासू नका, टेकवा. मला आजीचाच आवाज ऐकू आला. घरच्या घरी, स्वतःच्या हातानं, पार्लरसारखा मेकअप ही नवी टूम आहे असं समजून मी गेले होते. तिची कुळी शोधायला लागले, तर ती फणेरपेटीच्याही बऱ्याच मागे गेली.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत बाई ‘नटते’. नटणे हा शब्द ‘नट’ या शब्दाच्याच घरातला. म्हणजे आरशासमोर बसणारी प्रत्येक बाई भाषेच्या लेखी थोडा वेळ रंगमंचाच्या मागे बसलेली असते. गंमत अशी की इंग्रजी ‘मेकअप’ही तिथूनच आला. तो नटांच्या रंगपटातला शब्द. पश्चिमेतल्या घरंदाज बायका तो उच्चारायलाही बिचकत. हॉलिवूडच्या नटनट्यांना रंगवणाऱ्या मॅक्स फॅक्टरनं 1920 च्या सुमाराला आपल्या दुकानी मालाला हेच नाव दिलं आणि शब्द उंबरठा ओलांडून घरात शिरला. दोन्ही भाषांत वाट एकच: रंगमंचाकडून घराकडे.

सामान मात्र शब्दाहून जुनं. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, सातवाहनकाळातलं तगर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. अंगभर दागिने, केसांची नेटकी रचना. अशीच एक मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली सापडली. ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीनं गाडलेलं; म्हणजे मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती. या मूर्ती आरशाच्या मुठी असाव्यात असं काही अभ्यासक मानतात, काही म्हणतात आसनाचे पाय. आरशाची मूठ असेल, तर दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखात कुणी बाई नटलेल्या बाईलाच मुठीत धरून स्वतः नटत होती.

काजळ आणि कुंकू हे दोन्ही पदार्थ घरीच होत. एरंडेलाच्या दिव्यावर पालथी वाटी धरायची, जमलेली काजळी तुपात खलायची, झालं काजळ. कुंकवाला जास्त हिकमत लागे. हळकुंडं टाकणखार, पापडखार आणि लिंबाच्या रसात मुरवायची, सावलीत सुकवायची आणि दळायची. पिवळी हळद लाल का होते, तर तिच्यातल्या रंगद्रव्याचा क्षारांशी संयोग झाला की त्याचा रंगच पालटतो. नांदेड-वसमतच्या बाजारात आज जिचे ढीग लागतात, ती हळद आपल्या मेकअपचा खरा कच्चा माल. तयार कुंकू हवं असेल तर पंढरपूरची वारी होतीच. वारीहून आलेल्या माणसाच्या पिशवीत बुक्का-कुंकवाची पुडी असायचीच.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे इथल्या बाजाराचं तोंड पुण्यामुंबईपेक्षा हैदराबादकडे. सुरमा, अत्तर, लाखेच्या बांगड्या तिकडून येत. दात काळे करायची मिस्सी आणि आपली मिसरी या शब्दांनाही एकाच बाजाराचा वास येतो.

हे झालं घरातलं. ज्यांचं पोटच नटण्यावर चालत होतं, त्या बायकांना मात्र मेणाच्या डबीवर भागणारं नव्हतं. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार आणि त्याला लागून तमाशाच्या राहुट्या. तमासगीर बाईचा मेकअप कुणी दुसरं करत नसे. पत्र्याच्या ट्रंकेवर आरसा टेकवायचा आणि आपला चेहरा आपणच घडवायचा. जुन्या काळी जस्ताचा सफेदा खोबरेलात कालवून तोंडाला लावत, गालांना हिंगूळ, भुवयांना काजळ. जवळून पाहिलं तर तोंड चुना फासल्यासारखं दिसे, पण ते जवळून पाहण्यासाठी नव्हतंच. गॅसबत्तीच्या उजेडात, शंभर हातांवरच्या माणसाला डोळे आणि ओठ दिसायला हवेत, एवढाच त्याचा हिशोब. आज व्यावसायिक मेकअप म्हणून जे शिकवलं जातं, त्यात पारंगत असलेल्या या बायका सगळ्या ‘सेल्फ मेकअप’वाल्याच होत्या.

मेकअपची पुढची सगळी वळणं अशीच उजेडानं घेतलेली आहेत. जर्मनीत लुडविग लाइशनर या ऑपेरागायकानं 1873 मध्ये रंगाच्या तेलकट कांड्या विकायला काढल्या; रंगमंचावरच्या वाढत्या उजेडात कोरडी पावडर टिकत नव्हती. पुढे रंगीत चित्रपट आले, त्यांच्या कॅमेऱ्यात तेलकट चेहरा चकाकायला लागला, तेव्हा मॅक्स फॅक्टरनं ओल्या स्पंजानं लावायचा पॅनकेक काढला. 1938 मध्ये तो दुकानात आला आणि ज्यांचा कॅमेऱ्याशी काही संबंध नव्हता अशा बायकांनी तो उचलून धरला. आपल्याकडच्या रंगभूषाकारांच्या तोंडी तो शब्द आजही आहे. हल्लीचा ‘एचडी मेकअप’ हा त्याच वंशातला. कॅमेरा बारीक बघायला लागला, म्हणून थर पातळ झाला.

आपल्या बाजारात मधल्या काळात स्नो आला. इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी 1919 मध्ये मुंबईत ‘अफगाण स्नो’ सुरू केला आणि बघता बघता स्नो हे सामान्यनामच होऊन बसलं. वेणीफणी या जोडशब्दाशेजारी स्नोपावडर येऊन बसली. 1952 मध्ये टाटांच्या तेल कंपनीनं ‘लॅक्मे’ काढली. हे नाव 1883 च्या एका फ्रेंच ऑपेराचं, आणि तिथली लॅक्मे म्हणजे फ्रेंच जिभेवरची आपली लक्ष्मी. पॅरिसला जाऊन आलेली लक्ष्मी लिपस्टिकच्या कांडीवर बसून पुन्हा घरी आली! जिनिव्हात वाढलेल्या सिमोन टाटा 1961 मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर आल्या आणि पुढे तिच्या अध्यक्ष झाल्या. या सगळ्या वर्षांत कपाळावरचं मेण हळूहळू हटलं आणि टिकलीचं पाकीट आलं.

मग लग्नाच्या नवरीला पार्लर हवंच, असा दिवस आला. आमच्याकडे एका चुलतबहिणीच्या लग्नात त्याची चव घेतली. एप्रिल अखेर, नांदेडचं ऊन बेचाळीस अंशांचं. पार्लरमध्ये ट्यूबलाइटखाली दोन तास तिला गोरी केली. मंडपात येईपर्यंत घाम फुटला, नाकाशेजारी पावडरीचे पापुद्रे उठले, आणि चेहरा पांढरा, मान सावळी. अंतरपाट धरला तेव्हा मागून एक आजीबाई म्हणाल्या, "पीठ मळायली होती का काय पोरगी?" चूक हाताची नव्हती, उजेडाची होती. ट्यूबलाइटसाठी केलेला चेहरा उन्हात नेला होता.

भाची वर्गात शिकली ते एवढंच. फाउंडेशनचा रंग मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून बघायचा, तोही खिडकीत, दिवसाच्या उजेडात. जो दिसेनासा होतो तो आपला. तोंड धुऊन मॉइश्चरायझर लावला की पाच मिनिटं थांबायचं, कारण थर ओल्यावर ओला चढला की गोळे होतात. दोन थेंब कपाळावर, गालांवर, नाकावर, हनुवटीवर. मग ओला करून पिळलेला स्पंज टेकवत मधून कडेकडे जायचं. मान आणि कान विसरायचे नाहीत. पावडर सगळीकडे नाही, जिथं घाम येतो तिथंच, तीही दाबून. झाल्यावर आरसा घेऊन अंगणात जायचं. ओसरीवर बसणाऱ्या आजीला हे शेवटचं कुणी शिकवलं नव्हतं.

पण आजीला एक गोष्ट करता येत नव्हती. आजोबा गेले त्या दिवशी मेणाची डबी बंद झाली. पेटी उघडायची ती फणीपुरती. तिचा हात तोच, आरसा तोच, ओसरीवरचा उजेडही तोच. फक्त मुभा गेली. कुमारिकेनं जास्त नटू नये, सवाष्णीनं नटलंच पाहिजे, विधवेनं नटायचंच नाही, आणि जी पोटासाठी नटते तिला नावं ठेवायची. या चौकटीत ‘नटवी’ ही शिवी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे 2022 मध्ये. कुंकवाच्या मानानं ठराव फारच तरुण.

भाचीनं स्वतःच्या लग्नात स्वतःचा मेकअप केला. घरातल्या सात-आठ जणी रांगेत बसल्या होत्या. तिनं पटापट हात फिरवले. सगळं आटोपल्यावर माझी मावशी दाराशी घुटमळली. तिचे यजमान, आमचे काका, जाऊन नऊ वर्षं झाली होती. म्हणाली, "मला बी जरा लाव. थोडंच. कुणाला कळू नये असं."

भाचीनं तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, स्पंज धुऊन पिळला आणि म्हणाली, "मावशीआजी, तेच तर सगळ्यात अवघड असतं."